जॉन अब्राहम (तो नव्हे!) : एलआयसी ते लोकवर्गणी

निवांत

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझा भाचा, वय २६. इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी. मी निवृत्त झालो तेव्हाच्या माझ्या पगाराच्या दुप्पट त्याचा आत्ताच आहे. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं जाहीर केलं की नोकरी सोडून सिनेमा काढणार. ताई पानं उचलत होती, ती तशीच हातात ताट धरून उभी राहिली. भावजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग मामा म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं.

मी नेहमीचं सुरू केलं, आधी बूड टेकव, मग छंद वगैरे. तर म्हणतो, "मामा, जॉन अब्राहमपण विम्याच्या नोकरीत होता." मी म्हटलं, "कोण, तो मोटरसायकलवाला? तो मॉडेल होता ना रे?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि आपल्या खोलीत गेला.

मग चार दिवस बसून वाचलं. मला मिळालेला जॉन, हा सिनेमाचा दिग्दर्शक, असा: जन्म ११ ऑगस्ट १९३७, केरळातल्या कुट्टनाड भागातलं ख्रिस्ती कुटुंब. शिक्षण संपवून बेळ्ळारीला एलआयसीत नोकरी. ती सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. तिथून सुवर्णपदक घेऊन बाहेर. मणी कौल यांच्या 'उसकी रोटी' या चित्रपटाला सहाय्यक दिग्दर्शक. मग १९७२ ते १९८६ या काळात मोजून चार कथापट, शेवटचा लोकांकडून पैसे गोळा करून. ३१ मे १९८७ ला कोळिकोडला एका इमारतीवरून पडून मृत्यू. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

प्रश्न दोन. एक, या माणसाबद्दल दारू, भटकंती, फाटके कपडे यांचेच किस्से मिळतात, काम कसं उभं केलं हे कुणी धड सांगत नाही. कुणाला माहीत आहे का? दोन, भाच्याला काय सांगू?

बोकोबा

सांगा की आधी बाइक घे.

निवांत

बोकोबा, तुमच्याकडूनच सुरुवात होणार हे ठाऊक होतं.

रीळवाला

निवांतराव, चांगला विषय काढलात. मी १९७८ पासून आठ-नऊ वर्षं एका फिल्म सोसायटीत प्रोजेक्टर चालवायचो (म्हणून हे नाव), तेव्हा थोडं लांबण लागेल.

आधी एक गोष्ट. 'नोकरी सोडून सिनेमा काढला' असं तुमचा भाचा म्हणतो, ते तसं नाही. नोकरी सोडून तो शिकायला गेला. दोन्हींत फार फरक आहे.

फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली ती प्रभात स्टुडिओच्या जागेत. प्रभातवाले १९३३ ला कोल्हापूर सोडून पुण्यात आले, त्यांनी बांधलेले मोठाले फ्लोअर तयार होतेच. १९६४ ला फिल्म अर्काइव्ह निघालं. म्हणजे साठच्या दशकात तिथं शिकणाऱ्याला एका आवारात शूटिंगचे फ्लोअर, एडिटिंगची टेबलं आणि जगभरातले सिनेमे. घरी बसून सिनेमा बघण्याची सोय तेव्हा नव्हतीच. एखादा जुना रशियन चित्रपट दोनदा बघायला मिळणं ही चैन होती.

आणि वर शिकवायला बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक! साठच्या दशकाच्या मध्यात ते तिथं होते, उपप्राचार्यसुद्धा झाले. मणी कौल, कुमार शहानी, जॉन हे सगळे घटकांचे चेले. तिघांचे सिनेमे एकापुढे एक लावून बघा, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. गुरू चांगला असल्याची मला तरी हीच खूण वाटते.

अजून एक. तेव्हा शिकताना रीळ मोजून मिळायची. ३५ मिमीची हजार फुटांची रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटं. संपली की संपली. बटण दाबायच्या आधी विचार करायची सवय त्या अकरा मिनिटांनी लावली. आत्ताच्या मुलांना कार्ड भरलं तर दुसरं कार्ड घालता येतं.

कोट्टयमची_सून

रीळवाला, सुंदर प्रतिसाद.

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन २२ वर्षं केरळात. आमच्याकडे साठीच्या पुढचा प्रत्येक पुरुष सांगतो की जॉन एकदा माझ्याकडे चहाला आला होता. आमचे सासरेसुद्धा. सासूबाई आतून म्हणतात, "कधी? मी कुठे होते तेव्हा?"

चित्रपटांची नावं इंग्रजीवरून लिहिताना लोक वाट लावतात म्हणून इथं देते. 'विद्यार्थिकळे इतिले इतिले' (१९७२), म्हणजे विद्यार्थ्यांनो, इकडून इकडून. 'अग्रहारत्तिल कळुतै' (१९७७), हा तमिळ, अग्रहारातलं (ब्राह्मणवस्तीतलं) गाढव. 'चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यंगळ' (१९७९), चेरियाच्चनची क्रूर कृत्यं. आणि 'अम्मा अरियान' (१९८६). आपल्याकडे ळ आहे म्हणून निभावतं, माझ्या दिल्लीच्या जावेचं 'कलुतै'च होतं.

'अम्मा अरियान'चं भाषांतर सगळे 'आईला अहवाल' असं करतात ते मला पटत नाही. शब्दशः अर्थ 'आईला कळावं म्हणून'. पत्राच्या मायन्यात असायचं असं. आपण नाही का पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायचो? ते 'कळावे' काढून तिथं 'अहवाल' ठेवला की सरकारी कागद होतो.

चष्मा

"कळावे" वाचून थांबलो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडूस

सगळं ठीक आहे, पण पंधरा वर्षांत चार सिनेमे, त्यातला एकही गल्ल्यावर चालला नाही. याला करिअर म्हणायचं? माणूस मेला की आपण त्याचा देव करतो. जिवंत असता तर याच धाग्यावर लोक म्हणाले असते, "काम कर की जरा."

रीळवाला

खडूस, देव करण्यावरून बरं आठवलं. 'अग्रहारत्तिल कळुतै'ची गोष्टच ती आहे.

एक प्राध्यापक. त्याच्या दारात गाढवाचं पोरकं पिल्लू येतं, आईला लोकांनी मारलेलं. तो त्याला गावी, ब्राह्मणांच्या अग्रहारात, आईवडिलांकडे नेऊन ठेवतो. एक मुकी मुलगी त्याला सांभाळते. गावात काही वाईट झालं की नाव गाढवाचं. शेवटी मारतात त्याला. मग गावात एकेक चांगल्या गोष्टी घडायला लागतात, त्याही गाढवाच्याच नावावर जातात, आणि त्याच गाढवाचं देऊळ बांधायचं घाटतं! प्राध्यापक कोण झालाय? एम. बी. श्रीनिवासन, म्हणजे चित्रपटाचा संगीतकारच. नट नव्हे. चालण्यात, चष्मा सावरण्यात जो अवघडलेपणा आहे तो अभिनयाचा नाहीच मुळी.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि तरी पुढे दूरदर्शननं दाखवायचं ठरवलं तेव्हा विरोध झाला आणि प्रक्षेपण बारगळलं. सरकारनंच बक्षीस दिलेला सिनेमा सरकारच्याच टीव्हीवर लागेना.

आम्ही हा सोसायटीत दाखवला होता. मध्यंतरात एक सभासद उठून माझ्याकडे आले, म्हणाले, "गाढव पुढे बोलतं का?" मी म्हटलं, नाही. ते घरी गेले.

बोकोबा

ते सभासद आमचे तीर्थरूप असणार. गाढव घरीच बोलत होतं, तिथं काय बघायचं.

कोयनाकाठ

थोडं अवांतर, पण राहवत नाही. जॉनच्या लघुपटांच्या यादीत १९६७ सालचा 'कोयना नगर' नावाचा माहितीपट आहे. आम्ही पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट आमच्या घरात अजून तारखेनं नाही, 'त्या राती' म्हणून सांगतात. वडील तेव्हा बारा वर्षांचे. आजी त्यांना ओढून अंगणात घेऊन आली आणि परत आत गेली ती म्हशीचं दावं सोडायला. घराची मागची भिंत गोठ्याच्या बाजूला पडली. म्हैस वाचली, आजीचा पाय कायमचा अधू झाला. ती म्हणायची, "म्हस परत मिळाली नसती."

कुट्टनाडचा माणूस, बेळ्ळारीत नोकरी करून पुण्याला आलेला, आणि त्याच्या सुरुवातीच्या कामात आमच्या गावाचं नाव. वडिलांना दाखवलं ते यादीतलं नाव. चष्मा लावून दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत.

निवांत

कोयनाकाठ, हे अवांतर अजिबात नाही. 'उसकी रोटी' १९६९ चा, म्हणजे पहिला कथापट यायच्या आधीच त्याचं पाच वर्षं तरी काम चाललं होतं हे तुमच्यामुळे कळलं. किस्सेवाले हे सांगत नाहीत.

तिसरा_सहाय्यक

नाव वाचलंत ना? तेच काम करतो. मराठीत, पाच वर्षं झाली. पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा. मामांच्या भाच्यासाठी लिहितो.

सकाळी पाचला सेटवर. कॉलशीट हातात. नटांना मेकअपमधून बाहेर काढणं हे माझं काम. ते बाहेर येत नाहीत. दिग्दर्शक पहिल्या सहाय्यकावर ओरडतो, तो दुसऱ्यावर, दुसरा माझ्यावर. माझ्याखाली कुणी नाही, मी चहावाल्या दादाकडे नुसता बघतो आणि तो मला चहा देतो. एका सिनेमात मी कंटिन्युटी बघत होतो. नायिकेच्या हातात एका शॉटला चार बांगड्या, दुसऱ्याला पाच. शूटिंग संपून सहा महिन्यांनी एडिटला सापडलं. त्या पाचव्या बांगडीवरून मला अजून हाक मारतात.

पैसे? एका निर्मात्याकडे सव्वा वर्ष अडकलेत. दर दिवाळीला 'देतो रे' असा मेसेज येतो, खाली पणतीचं चित्र.

तरी सांगतो, सहाय्यक होणं टाळू नका. गर्दी कशी उभी करायची, प्रकाश जातोय तर काय आधी उरकायचं, थकलेल्या माणसाकडून अजून एक टेक कसा काढायचा, हे कोर्समध्ये शिकवतात, पण कळतं ते इथंच. जॉननं मणी कौलांकडे ते केलं. सुवर्णपदक खिशात ठेवून केलं, हे लक्षात घ्या.

खडूस

पाचवी बांगडी, हा हा. बरं, तुमच्या मुद्द्याला अनुमोदन. पण मग हे 'स्वतंत्र' वगैरे काय? पहिल्या सिनेमात मधू, अडूर भासी असे नावाजलेले नट आहेत. धंदेवाईकच की.

चष्मा

खडूस, तुम्ही चुकून मुद्द्याचं बोललात, हलके घ्या.

'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हटलं की आपल्याला वाटतं हा जन्मतःच व्यवस्थेला लाथ मारून आला. जॉनच्या बाबतीत उलटं झालं. आधी सरकारी महामंडळाची नोकरी. मग सरकारी संस्थेत शिक्षण. मग 'उसकी रोटी', ज्याला पैसा सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा. मग पहिला चित्रपट रीतसर, नावाजलेले नट घेऊन. तो पडला. पाच वर्षांनी गाढव, त्याचं कौतुक झालं, पण लोकांपर्यंत गेलं नाही. चेरियाच्चनमध्येसुद्धा अडूर भासीच, विनोदी नट म्हणून केरळभर ठाऊक असलेला माणूस, त्याला घेऊन कुट्टनाडातल्या जमीनदाराच्या मनातली भीती दाखवली. सगळे रस्ते चालून झाले, आणि मग १९८४ ला ओडेसा कलेक्टिव्ह, म्हणजे लोकवर्गणीतून सिनेमा काढणारा गट. तेव्हा जॉन ४७ वर्षांचा होता.

म्हणजे लोकांकडे झोळी घेऊन जाणं ही त्याची सुरुवात नव्हती. बाकी दारं वाजवून झाल्यावर सुचलेली गोष्ट होती ती. भाचा एकदम शेवटच्या प्रकरणावर उडी मारतोय.

गंमत बघा, पहिल्या चित्रपटाची गोष्ट काय? शाळेत पोरांच्या फुटबॉलनं पुतळा फुटतो आणि तो भरून द्यायला पोरं पैसे जमवत फिरतात. बारा वर्षांनी दिग्दर्शक स्वतः तेच करत फिरला.

कोट्टयमची_सून

ओडेसाबद्दल थोडं. नाव आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या रशियन सिनेमातल्या ओडेसा शहराच्या पायऱ्यांवरून. ही मंडळी १६ मिमीचा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरायची, चॅप्लिनचा 'द किड' वगैरे दाखवायची, तिकीट नाही. वाजवत-गात, पथनाट्य करत लोकांना सांगायचं की आम्हाला सिनेमा काढायचाय, जे जमेल ते द्या. निर्माता नको, वितरक नको, ज्यांचे पैसे त्यांनीच बघायचा.

त्यातून 'अम्मा अरियान' झाला. पुरुषन नावाचा तरुण वायनाडहून निघतो. वाटेत एका मुलाचं प्रेत दिसतं, ओळखीचं वाटतं. तो हरी, तबला वाजवणारा. त्याच्या आईला बातमी सांगायला पुरुषन कोचीला निघतो. वाटेत हरीचे एकेक मित्र भेटतात, ते सोबत निघतात, आणि आईच्या दारात पोचेपर्यंत मोठा घोळका झालेला असतो. पुरुषन निघताना स्वतःच्या आईला पत्र लिहायचं कबूल करून निघतो, तेच ते 'आईला कळावं म्हणून'.

पुरुषन झालेला जॉय मॅथ्यू पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. त्याचा 'शटर' मराठीत २०१५ ला आला, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी. बऱ्याच जणांनी बघितला असेल.

लांबपल्ला

अरे देवा, 'शटर' तो? मला वाटलं ती मराठीच गोष्ट.

चष्मा

लोकवर्गणीवर थोडा वाद घालतो. 'मंथन' (१९७६) ओडेसाच्या कितीतरी आधीचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, दहा लाख झाले, बेनेगलांचा सिनेमा झाला. मग लोकांच्या पैशाचा पहिला मान जॉनला का?

रीळवाला

मान कुणाला द्यायचा ते सोडा, पण जात वेगळी आहे. 'मंथन'च्या पाठीशी सहकारी संघ उभा होता. दूध घालणारा रोज डेअरीवर येतोच, दोन रुपये तिथंच जमतात. ओडेसाला प्रत्येक रुपया मागायला गावात जावं लागलं. पहिल्यात हिशेब सोपा, दुसऱ्यात ओळखी वाढतात. दोन्ही चांगलं, पण दोन्ही एक नव्हे. हल्लीचं इंटरनेटवरून पैसे गोळा करणं तिसरंच. कन्नड 'लूसिया' (२०१३) तसा झाला. तिथं देणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसत नाही.

चष्मा

हे पटलं. विम्याचा धागा मात्र मी सोडणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ ला विलायतेला जायला स्वतःच्या विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्या. परत आल्यावर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित करून सावकाराला दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. एक विमा गहाण टाकून सिनेमात आला, दुसरा विमा विकणाऱ्यांची नोकरी टाकून.

बोकोबा

निवांत, भाच्याची पॉलिसी कुणाच्या ताब्यात आहे ते आज रात्रीच बघा.

ओसरी

मी सहसा लिहीत नाही, वाचनमात्र असते. पण वर किस्स्यांचा विषय निघाला म्हणून.

माझा थोरला भाऊ चित्रकार होता. चांगला होता, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. तो गेल्यावर जे लोक भेटायला आले, ते प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत होता: कसा रात्री दोनला आला, कसा गटारात पडला, तरी काय बोलला, हशा. त्याची चित्रं कुठे आहेत हे एकानंही विचारलं नाही. तेव्हा ती आमच्या माळ्यावर होती, दोनांना वाळवी लागली. रात्री दोनला आल्यावर त्याला कोण आत घेत होतं, कोण उलटी पुसत होतं, हेही त्या गोष्टींत कधी नसतं. वहिनी पुसायची. तिला त्या गोष्टींवर हसताना मी पाहिलेलं नाही.

तेव्हा या जॉनचे दारूचे किस्से सांगणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की गाढवाच्या सिनेमातला एक प्रसंग सांगा आधी. तो येत असेल तर मग पुढचं सांगा.

रीळवाला

ओसरी, दंडवत. माझ्याकडून गेल्या वर्षी तेच झालं होतं, एका घोळक्यात. पुन्हा नाही.

खडूस

मीही गप्प.

कट_टू

नमस्कार. मी भाचा.

मामा, माझ्यावर धागा? आईनं लिंक पाठवली. आईला कुणी पाठवली ते सांगायला नको.

दोन-तीन गोष्टी दुरुस्त करतो. एक, मी 'सिनेमा काढणार' म्हणालो नव्हतो, 'सिनेमाकडे जाणार' म्हणालो होतो. बाबांनी टीव्ही मोठा केला त्यात वाक्य गेलं. दोन, प्रवेश परीक्षेचा अभ्यास आठ महिने चाललाय, रात्री. हे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तीन, मला जॉनचं दारूचं काही माहीत नव्हतं, मला आवडलं ते असं की तो स्वतः प्रेक्षकाकडे चालत गेला. आम्ही सिनेमा करून मग प्रेक्षक शोधतो. त्यानं आधी प्रेक्षक जमवला.

@चष्मा, तुमचा ४७ वर्षांचा मुद्दा खरा आहे. तो मला लागला, पण खरा आहे. तरी एक सांगा, त्यानं तोवर थांबायला हवं होतं का? की दहा वर्षं आधीच झोळी घेतली असती तर चारचे सात सिनेमे झाले असते?

चष्मा

बाळा, उत्तर नाही माझ्याकडे. पण एक बघ. 'अम्मा अरियान'चा कॅमेरा वेणू आणि संकलन बीना, दोघं आपल्या पुण्याच्याच संस्थेतून शिकलेले. वेणूला छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्या वर्षी, त्यात या चित्रपटाचंही काम धरलेलं आहे. पैसा गावातला होता, हात शिकलेले होते. दहा वर्षं आधी झोळी भरली असती कदाचित, हे हात मिळाले नसते.

तिसरा_सहाय्यक

कट_टू, परीक्षा झाली की कळव. एक जागा निघेल आमच्याकडे, चौथ्या सहाय्यकाची. मला कुणावर तरी ओरडायचंय.

लांबपल्ला

रीळवाला, तो १६ मिमीचा प्रोजेक्टर गावोगाव न्यायचा म्हणजे नेमकं काय, ते सांगा ना. तुम्ही केलंय ते.

रीळवाला

विचारलंत म्हणून.

पेटी एक, वजन एवढं की दोन्ही हात बदलत स्टँडपर्यंत जायचं. एसटीत टपावर ठेवायची नाही, आत मांडीवर किंवा पायांत. कंडक्टर लगेज लावायचा, आम्ही भांडायचो. रिळांचे डबे वेगळे, ते पिशवीत. सोळाशे फुटांची रीळ साधारण पाऊण तासाला थोडी कमी, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला तीन रिळी, आणि प्रोजेक्टर एकच असल्यामुळे मध्ये दोनदा दिवे. त्या दोन-तीन मिनिटांत लोक आपापसांत बोलायला लागतात. मला ते आवडायचं. कुणी विचारतं, मघाची बाई कोण? दुसरा सांगतो. ओडेसावाल्यांनी पैसे कधी मागितले असतील तर माझ्या मते याच दिव्यांत.

पडदा म्हणजे शाळेच्या भिंतीला धोतर. वाऱ्यानं चॅप्लिनचं पोट हलायचं. फिल्म दातांवरून घसरली की चित्र नाचायला लागतं, तेव्हा खालच्या लूपला बोटानं हलका टोला द्यायचा, मशीन न थांबवता. तो टोला देणारं बोट माझं हे, उजवं, अजून तिथं डाग आहे. आणि बल्ब. बल्ब गेला की खेळ संपला. एकदा कोकणात एका वाडीत दुसऱ्या रिळीला गेला. अडीचशे माणूस अंधारात. आमच्यातल्या एकानं उरलेली गोष्ट तोंडी सांगितली, आवाज काढून. लोक उठले नाहीत.

बोकोबा

आज कोटी सुचत नाहीये. छान लिहिलंत.

कोयनाकाठ

मशीन आहे का अजून?

रीळवाला

माळ्यावर. चालतं. बल्ब नाही.

निवांत

उशिरा येतोय, पण मूळ धाग्याचं राहिलंय म्हणून.

काल रात्री भाच्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून 'अम्मा अरियान' लावला. भावजी पहिल्या वीस मिनिटांत आडवे झाले. मी बसलो. खरं सांगायचं तर मधला बराच भाग मला कळला नाही, कोण कुठल्या आंदोलनातला ते भाच्यानं थांबवून सांगितलं, दोनदा चुकीचं सांगितलं आणि स्वतःच दुरुस्त केलं. पण एक दिसलं. घोळका जसजसा मोठा होतो तसतशी प्रत्येक दारात एक आई दिसते. मुलगा आत जातो, पिशवी घेतो, काहीतरी बोलतो आणि निघतो. आया काही फारसं विचारत नाहीत. दाराशी येतात.

ताई सुरुवातीला आतबाहेर करत होती. ओटा आवरून झाल्यावर येऊन मोड्यावर बसली ती शेवटपर्यंत. संपल्यावर दिवा लावला. मला वाटलं आता नोकरीचं निघणार. ती म्हणाली, "पत्र लिहायचं कबूल केलं आणि लिहिलंन् ना त्यानं?"

भाचा म्हणाला, हो, तेच तर आहे सगळं.

"मग तू माझ्या मेसेजला अंगठा का पाठवतोस?"

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आज दुपारी तिच्या मोबाइलवर मेसेज आलाय, चांगला सात-आठ ओळींचा. परीक्षा कधी, बिनपगारी रजेचा अर्ज केलाय, मंजूर झाली तर नोकरी सोडायचं पुढच्या वर्षी बघू. शेवटी 'कळावे' लिहिलंय. कोट्टयमची_सून, हे तुमचं काम.

ताईनं परत अंगठा पाठवला.

कोट्टयमची_सून

हसून हसून डोळ्यांत पाणी. सासूबाईंना वाचून दाखवते.

लांबपल्ला

रीळवाला, मला बल्बचा नंबर व्यक्तिगत निरोपात कळवा. जुन्या बाजारात एक माणूस आहे ओळखीचा.

कोयनाकाठ

मिळाला तर आमच्याकडे या. भिंत नवी आहे, पांढरी.